टीव्हीवाले आबा

माझ्या मोठ्या जावेला, बेबाबाईला, आम्ही सगळे अक्का म्हणतो. ही अक्का कधी कुणाला 'राम राम' म्हणत नाही. कुणी 'राम राम अक्का' म्हटलं की ती 'हां हां, नमस्कार' म्हणून मोकळी होते. तोत्याला ती 'हिरवं पाखरू' म्हणते. रुपया हा शब्दही तिच्या तोंडात नाही. बाजारात ती मेथीची जुडी 'दहाची' घेते आणि बँकेत सगळा कारभार 'पैशां'त करते. नवख्या माणसाला वाटावं, बाईच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. बिघाड काही नाही. तिच्या नवऱ्याचं नाव रुपचंद आणि सासऱ्याचं तोताराम. सुनेनं नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव तोंडावर आणायचं नाही हा आमच्याकडचा जुना रिवाज, आणि अक्कानं तो इतका मनावर घेतला की नावाच्या आसपासचे शब्दही तिनं वाळीत टाकले.

मी नूतन, धुळ्याची, धाकटी जाऊ. माझ्या नवऱ्याचं नाव हेमराज. लग्न झालं त्या आठवड्यात मी अंगणात उभी राहून 'हेमराऽऽज, टॉवेल विसरलास' अशी हाक मारली, तेव्हा शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावल्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझ्याबद्दल गावात अजून बोलतात. बोलोत. पण आबांचं नाव? नाही बाई. सासऱ्यासमोर ते माझ्याही तोंडून निघत नाही. इथं बिनधास्त लिहिते आहे, कारण आबांना चष्मा लावून वाचायचा भारी कंटाळा आहे.

आमचं गाव नरडाण्यापासून जवळ. घरात आबा, मोठे दीर-जाऊ, आम्ही दोघं. अक्काची मुलगी मयुरी जळगावला कॉलेजात शिकते. शेती कपाशीची. अक्का इथं आली ती पिंपळनेरकडून. माहेरी तिच्या आवाजाची ख्याती होती म्हणे. टेकडीच्या या अंगाला उभी राहून ती पलीकडची गुरं नावानं बोलवायची आणि गुरं मुकाट्यानं यायची. मग लग्न झालं, डोक्यावर पदर आला आणि आवाज त्या पदराखाली गेला. मी या घरात आले तेव्हा अक्का घरात इतकं हळू बोलायची की मला आधी वाटलं, तिला घशाचं दुखणं आहे. शेतात मात्र, आबा आसपास नसले की, ती बांधावरून मजुरांना अशी हाक मारायची की कपाशीतली पाखरं उडायची. आबांशी तर ती कधी थेट बोललीच नाही. 'आबांना विचार, चहा घेतात का,' असं ती मला सांगायची, आणि आबा दोन हातांच्या अंतरावर बसून ते ऐकत असायचे. 'घेतो म्हन तिले,' ते मला सांगायचे. मी मधल्या मध्ये पोस्टमन.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा आबांनी बोलणं सोडलं. जेवणही जवळजवळ सोडलं. ताट समोर ठेवलं की भाकरीचा तुकडा मोडायचे आणि बोटांत फिरवत बसायचे. अक्का रोज वेगळं काहीतरी करायची. वांग्याचं भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, डुबुकवड्या. ताटं तशीच परत यायची, आणि अक्का ते ताट घेऊन चुलीपाशी बसून राहायची.

त्याच दिवसांत आमच्याकडे 'उसनी साखर' सुरू झाली. नवी नव्हती ती. मालिका कधीच संपलेली, दुपारी पुन्हा दाखवायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक सोसायटी, तिथली भांडकुदळ बिऱ्हाडं, आणि सगळ्यांची कामं करणारा एक वॉचमन. माकडटोपी, गळ्यात शिट्टी, हातात टॉर्च, दिवसाही चालू. पाण्याची मोटर बंद पडली, मांजर गच्चीवर अडकलं, जावई रुसला, काहीही झालं की सोसायटी त्याच्या नावानं ओरडायची. आणि तो जिन्याखालून, टाकीवरून, कुठून कुठून डोकं काढून म्हणायचा, 'तोताराम आहे ना!' मग जे काम करायला जायचा त्याचा पुरता बट्ट्याबोळ करायचा.

हो, तोताराम! बोलाफुलाला गाठ पडावी ती अशी. पहिल्या दिवशी टीव्हीतली बाई 'अरे तोतारामऽऽ' करून ओरडली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अक्कानं दचकून पदर पार नाकापर्यंत ओढला. मी टीव्ही बंद करायला उठले. तेवढ्यात तो वॉचमन शिडीवरून थेट शेणखताच्या ढिगात पडला, माकडटोपी डोळ्यांवर, टॉर्च तोंडात. आणि आमची अक्का हसली. पदराखालून हसली असती तर गोष्ट वेगळी. ती पिंपळनेरच्या टेकडीवरची हसली. भांडी वाजली असतील फळीवरची. मग तिनं तोंडावर हात दाबला आणि तशीच थिजून उभी राहिली. सासऱ्यासमोर, आणि तेही सासऱ्याच्या नावाचा माणूस पडल्यावर!

आबांनी मान वळवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे.

"काय व्हयनं? पडना का तो?" त्यांनी विचारलं.

मग आबांच्या मिशा हलल्या, खांदे हलले, आणि ते हसायला लागले. किती दिवसांनी. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "भूक लागनी माले. भाकर आन."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुपारी 'उसनी साखर'च्या वेळेला दुसरं काही होत नाही. आबा खाटेवर, अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, मी मध्ये. आबा जेवायला लागले, बोलायला लागले. पुढे मयुरीनं तिच्या जुन्या मोबाइलवर सगळे भाग घालून दिले, तेव्हापासून तर वेळेचंही बंधन उरलं नाही. अडचण एकच. त्या वॉचमनला अक्कानं म्हणायचं काय? तिनं त्याचं नाव 'टीव्हीवाले आबा' ठेवलं. 'आज टीव्हीवाले आबा हौदमा पडनात,' असं ती बांधावर बायकांना सांगायची. गावातल्या निम्म्या बायकांना वाटायचं, आमचे आबाच हौदात पडले. दोघीतिघी तर भेटायलाही येऊन गेल्या.

यंदा जानेवारीत मयुरीचा फोन आला. 'उसनी साखर'च्या वेड्यांनी जळगावला मेळावा ठेवला होता. एका लॉन्सवर. लोक मालिकेतल्या पात्रांसारखे नटून येणार, आणि स्वतः शिरीष टेंबे, म्हणजे तो वॉचमन झालेला नट, तिथं येणार. मयुरीनं पास काढूनही ठेवले होते. अक्का तेव्हा कणीक मळत होती. तिनं तसाच कणकेचा हात कपाळाला लावला.

"माले त्याले एक सांगनं शे," ती म्हणाली.

"काय?"

"त्यानामुळे आमना आबा जेवाले लागनात. एवढंच. समोर उभं ऱ्हाईसन सांगसू. मंग मरनी तरी चाली."

"मरायचं कशाला मधेच?" मी म्हटलं. पण तिचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढची टिंगल गिळली. इतक्या वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि पुढच्या खोलीतून आबांचा आवाज आला, "मी बी येसू."

चौऱ्याऐंशीचं वय, गुडघे बोलतात, डॉक्टरांकडे न्यायचं तरी महिनाभर मनधरणी करावी लागते. आणि हे म्हणे मी बी येसू! नवं धोतर काढलं, टोपीला नीळ दिली, काठीला तेल लावलं. अक्कानं पहाटे उठून वांगी भाजली आणि टीव्हीवाल्या आबांसाठी भरिताचा डबा भरला. नरडाण्याला पॅसेंजर पकडली तेव्हा आम्ही तिघं एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे दिसत होतो.

गाडीत अक्काची तालीम सुरू झाली. आबा खिडकीशी डोळे मिटून बसले होते, म्हणून ती माझ्या कानाशी कुजबुजत होती. "नमस्कार. आम्ही नरडाण्याकडून उनूत. तुमनामुळे..." आणि थांबायची. कारण समोरच्याला हाक काय मारायची? इथंच घोडं पेंड खात होतं.

"अगं, त्याचं खरं नाव शिरीष आहे. शिरीषभाऊ म्हण," मी सांगितलं.

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्याच्या दारात तिचं ताट वाढलं होतं. "शिरीष कोन शे? मी त्याले वळखत नही," ती म्हणाली. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं, वाक्य काही पुढे सरकलं नाही.

लॉन्सवर पोचलो आणि मी आधी हसून घेतलं. जिकडे पाहावं तिकडे माकडटोप्या! जाडे, बारके, मिशीवाले, दाढीवाले, दोन बायकासुद्धा, आणि सगळ्यांच्या हातात भरदिवसा पेटलेले टॉर्च. जो तो दुसऱ्याला पाहून शिट्टी मारत होता आणि ओरडत होता, 'तोतारामऽऽ!' की दुसरा ओरडायचा, 'तोताराम आहे ना!' मयुरी गेटवर उभी होती, तिच्या डोक्यावरही माकडटोपी. अक्काचे हाल विचारू नका. दर हाकेला तिचा हात पदराकडे जायचा. हाक संपायच्या आत दुसरी. शेवटी तिनं पदर दातांतच धरला आणि भरिताचा डबा छातीशी.

आबांचं निराळंच. कुणी 'तोताराम' ओरडलं की आबा मान वळवायचे. डावीकडून ओरडलं की डावीकडे, मागून ओरडलं की काठी टेकून सबंध मागे. 'आबा, तुम्हाला नाही, त्यांच्या मालिकेतलं आहे ते,' मयुरीनं समजावलं. आबा 'हां हां' म्हणाले आणि पुढच्या हाकेला पुन्हा वळले. मला वाटलं, म्हातारपण. मी खुर्ची आणून त्यांना बसवलं.

मग स्टेजवर एक निवेदिका आली. चटपटीत पोरगी, तोंडात लाह्या फुटाव्यात तसं बोलणारी. तिनं जाहीर केलं की शिरीष सर पडद्यामागे बसलेले आहेत, ते आपल्याला दिसत नाहीत पण आपण त्यांना ऐकू येतो. आता माइक लोकांत फिरेल. ज्याला सरांना भेटायचं त्यानं ती प्रसिद्ध हाक द्यायची, 'तोताराम आहे ना!' ज्यांची हाक सरांच्या मनात भरेल, त्या मोजक्या पाच जणांना ते स्टेजवर बोलावतील. बाकीच्यांनी लांबून हात हलवायचा.

मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. स्टेज केवढं लांब, मध्ये केवढी माणसं. लांबून हात हलवून आबा जेवायला लागले हे कसं सांगणार? आणि पलीकडे, दोन खुर्च्या सोडून, आबा बसलेले.

"मी ओरडते तुझ्याऐवजी," मी म्हटलं.

"मंग तूच जाशी वर. सांगनं माले शे," अक्का म्हणाली, आणि त्या बाईनं सरळ हात वर केला. मला अजून कळत नाही हे धाडस कुठून आलं. निवेदिका टणाटण उड्या मारत आली आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

"बोला काकू! मोठ्यानं!"

"टीव्हीवाले..." अक्काचा आवाज फाटला. "टीव्हीवाले आबा आहे ना!"

माणसं खो खो हसली. निवेदिका म्हणाली, "काकू, असं नाही! नाव घ्या, नाव!"

आता चारचौघांत, माइक तोंडाशी धरून, 'नाव घ्या' असं आमच्या बायकांना कुणी म्हटलं तर काय होतं? अक्कानं पदर सावरला, मान खाली घातली, आणि लग्नापासून पाठ असलेलं यंत्र आपोआप सुरू झालं.

"वांग्याच्या भरताला मिरची घालते ठेचून, रुपचंदरावांचं नाव घेते सगळ्यांमध्ये लाजून."

लॉन्स नुसतं उसळलं! शिट्ट्या, टाळ्या, टॉर्च हवेत. एक माकडटोपीवाला खुर्चीवरून खाली पडला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. आणि पडद्यामागूनही कुणीतरी हसल्याचा आवाज आला, तो ओळखीचा, रोज दुपारचा. अक्कानं तो ऐकला आणि पडद्याकडे अशी पाहायला लागली की माझं हसू थांबलं.

"वा काकू! पण काकांचं नाही, त्यांचं नाव," निवेदिका डोळे पुसत म्हणाली. "हवं तर तेही उखाण्यात घ्या!"

"सासऱ्याचा कुठं उखाणा असतो?" अक्का माइकमध्येच म्हणाली, आणि पुन्हा हशा. पण आता तिला हसू येत नव्हतं. मग मी निवेदिकेला कानात खरं कारण सांगितलं. पोरगी समजूतदार निघाली. "बाकीच्यांचं होऊ द्या, शेवटी परत येते तुमच्याकडे," म्हणाली आणि गेली.

एकेक हाक पडू लागली. पडद्यामागून घंटा वाजली की एक जण निवडला. एक झाला, दुसरा झाला, तिसरा. अक्का डबा मांडीवर घेऊन बसली होती, ओठ हलत होते, आवाज नाही. चौथा निवडला गेला.

"म्हण ना गं," मी म्हटलं. "देव काही तुला शिक्षा करायला जळगावला येणार नाही."

"आबा बठेल शेतस वं," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात आबा उठले. काठी टेकली, टोपी सारखी केली.

"माले बाहेर जानं शे," ते मला म्हणाले.

मला वाटलं, लघवीला. मी उठायला लागले तर काठीच आडवी धरली. "तू बस. तिनाजोडे बस." मयुरी निघाली, तिलाही नको म्हणाले. आणि चालू लागले. स्वच्छतागृह डावीकडे होतं. आबा सरळ गेटकडे निघाले होते, एकेक पाऊल टाकत, माकडटोप्यांच्या गर्दीतून. ज्याला पाहायला ते इतक्या लांब आले होते तो माणूस आता कुठल्याही क्षणी पडद्याबाहेर येणार होता, आणि आबा त्याच्याकडे पाठ करून चालले होते. गेटपाशी ते थांबले, वळले, आणि अक्काकडे पाहून हात हलवला. आपण लहान मुलाला झोपाळ्यावर 'हां, घे झोका' म्हणून हात हलवतो तसा. मग ते गेटाबाहेर गेले.

"नूतन," अक्का म्हणाली, "आबा मनासाठे ऊठनात."

मी नुसती मान हलवली.

निवेदिका परत आली. "काकू, शेवटची जागा!"

अक्का उठली. भरिताचा डबा माझ्या हातात दिला. एवढ्या गर्दीत आपण दिसायला हवं म्हणून ती चक्क खुर्चीवर चढली, पदर खांद्यावर घसरला तो तिनं उचलला नाही. माइक घेतला, खरं तर तिला माइकची गरजच नव्हती, आणि पिंपळनेरच्या टेकडीवरून पलीकडची गुरं बोलवावीत तशी तिनं हाक मारली.

"तोतारामऽऽऽ आहे नाऽऽऽ!"

स्पीकर किंचाळले. लॉन्सच्या झाडावरचे कावळे उडाले. आणि मग जो गलका झाला त्याचं मी वर्णन करू शकत नाही. घंटा वाजलीच नाही. पडदा बाजूला फेकून शिरीष टेंबे स्वतःच बाहेर आले, डोक्यावर तीच माकडटोपी, आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "आलो! आलो! कोण आहे ही माउली?"

आम्ही अक्काला स्टेजवर ढकललं म्हणा, उचललं म्हणा. मयुरी रडत होती, मी हसत होते, डबा कधी याच्या डोक्यावर लागत होता कधी त्याच्या. मी जेमतेम पायऱ्यांपर्यंत पोचले. वर अक्का आणि तो, समोरासमोर. तो तिच्या पायांशी वाकला. आता सांगणार, मी मनात म्हटलं. नमस्कार, आम्ही नरडाण्याकडून, तुमच्यामुळे आबा...

अक्कानं त्याचं मनगट धरलं.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?" तो हसत म्हणाला.

"बाहेर. आमचे आबा बाहेर उभे शेतस. ते तुम्हाला पाहायला आले अन् माझ्यासाठी बाहेर गेले. चला लवकर."

त्याला काय समजलं, किती समजलं, कुणास ठाऊक. पण अक्कानं त्याला स्टेजवरून ओढलं आणि तो आला. पुढे अक्का, तिच्या हातात टीव्हीवाले आबा, मागे मी डबा घेऊन, मागे मयुरी, मागे निवेदिका 'सर, सर' करत, आणि तिच्यामागे टॉर्च पेटवलेला अख्खा मेळावा. गेटवरच्या माणसानं घाबरून गेट सताड उघडलं.

आबा तिथंच होते, गेटच्या खांबाला टेकून. बिचारे नाव ऐकू येऊ नये म्हणून बाहेर आले होते, आणि बाहेरच्या बाजूचा कर्णा नेमका त्याच खांबावर बांधलेला, बरोबर त्यांच्या डोक्यावर. सुनेनं मारलेली हाक साऱ्या जळगावपेक्षा त्यांनाच मोठी ऐकू आली असणार. अक्कानं कर्णा पाहिला आणि ती दोन पावलं अलीकडेच थांबली. नटाचं मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

शिरीष टेंब्यांनी माकडटोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. "नमस्कार आबा. मी तोताराम."

आबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी बी," ते म्हणाले.

सगळे हसले. टेंबे सगळ्यांत जास्त हसले, त्यांना आत्ता उलगडा झाला. पण आबा हसत नव्हते. ते अक्काकडे पाहत होते. मला वाटलं, आता काही बोलतात की काय रागानं. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, तिची चूक नाही, स्पर्धाच तशी..."

आबांनी मला हातानं गप्प केलं. आणि अक्काशी बोलले. माझ्यामार्फत नाही, सरळ तिच्याशी.

"मनी माय गई," ते म्हणाले. "मोठा भाऊ गया. मनाजोडे पत्ते खेळनारा बन्सीलाल व्हता, तो बी गया. तुमनी सासूनी तर जलमभर कधी नाव लिन्हं नही. आते मना नावथीन हाक मारनारं कोनी ऱ्हायनं नही. तुम्ही घरना बठ्ठा जन आबा, आबा करतस. त्या टीव्हीमा तेवढं ऐकू ये." ते थांबले, काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी त्यानासाठे पाहू ते. माले तर तो पडस कसाले हे बी समजत नही."

इतक्या दुपारी आम्ही तिघं मिळून ती मालिका पाहिली होती. मला वाटायचं, आबा हसायला बसतात. अक्काला वाटायचं, विनोदानं ते जेवायला लागले. मागे गर्दी आली होती, पण मागचे टॉर्च एकेक करून विझत गेले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांचा आवाज ऐकू यायला लागला.

"आखो एकदाव हाक मार," आबा अक्काला म्हणाले.

अक्काचा हात पदराकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती, दोन्ही एकदमच. तिनं जमिनीकडे पाहिलं, मग मान वर केली. या वेळी ओरडली नाही. दुपारी अंगणातून कुणाला जेवायला बोलवावं, तेवढ्याच आवाजात तिनं हाक मारली.

"तोताराम."

शेजारी उभ्या असलेल्या शिरीष टेंब्यांचं तोंड सवयीनं उघडलं. आयुष्यभर या हाकेला उत्तर देण्याचे पैसे घेतलेला माणूस तो. पण त्यांनी ते मिटून घेतलं, आणि एक पाऊल मागे सरकले.

"ओऽऽ," आबा म्हणाले.